कापूस विकला, खोली मोकळी केली

१८ जानेवारी. आज घरातला सगळा कापूस पडत्या भावात विकला.

गावात धड रेंज फक्त माझ्या घरातल्या पुढच्या खोलीत येते, आणि तिथेच छतापर्यंत कापूस होता. जिल्हा परिषद शाळेच्या मुलींचा ऑनलाइन विज्ञान वर्ग उद्यापासून तिथे भरणार आहे.

दीर आले. "वहिनी, भाव वाढू द्या न! दादाले जाऊन वर्ष नाही झालं, अन् घरात पोरीयचा गोंधळ? झेडपीच्या पोरीयले कायले पाह्यजे हे?"

"तुमच्या पोराले वणीत क्लास कायले लावला, भाऊजी?"

"त्याची गोष्ट येगळी हाय."

"नाही," मी म्हणाले आणि गाडी भरू दिली.

यजमान माझे गेले. त्यासाठी मुलींनी का थांबायचं? तुम्हीच सांगा.

आता स्टुलावर चढून पंख्याला चिकटलेला कापूस काढते आहे.