बिनदाराच्या चावडीतल्या चाव्या

वाशीमहून निघालेली एसटी मेडशीला पोचेपर्यंत मी चारदा घड्याळ पाहिलं आणि कंडक्टरला दोनदा छळलं. मेडशीपुढच्या एका गावची जुनी चावडी (गावकीची कचेरी) दुसऱ्या दिवशी पाडणार होते, आणि तिचा इतिहास लिहायचं खूळ माझ्या डोक्यात आदल्या रात्री शिरलं होतं. नेहमीचंच माझं, ऐन वेळी धावपळ.

पुढे ऑटो मिळाला. सोयाबीन निघालेली रानं, मध्ये हिरवी तूर, आणि इतके खड्डे की वहीतलं माझं अक्षर मलाच लागेना.

चावडी पाहून खरं तर निराशच झाले. दगडी ओटा, सागाचे चार खांब, मागे एक भिंत, वर पत्रे. दार नाही; कधीच नव्हतं. इथे तंटे मिटले, गावची पहिली शाळा भरली, असं निवृत्त कोतवाल नामदेवकाका सांगत होते, पण त्यांचं लक्ष सारखं मागच्या भिंतीकडे. तिथे खिळ्यांना अकरा चाव्या लटकत होत्या. दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेल्या घरांच्या. निघताना चार माणसांदेखत चावी इथे अडकवायची, ही गावची रीत. अशा उघड्यावर कशा टिकतात, मी विचारलं.

"उघड्यावर हायेत म्हनूनच टिकल्या, बाई. सारं गाव पाह्यते."

नव्या इमारतीला शटर येणार होतं. सरपंचबाईंनी काकांना चाव्या घरी न्यायला सांगितल्या, तर काका हटून बसलेले. उद्या कुणाचं काही हरवलं तर बोट त्यांच्याकडेच जाणार. शिवाय लोकांनी चाव्या गावाच्या हवाली केल्या होत्या, त्यांच्या नव्हे. अहो, पण सकाळी भिंतच नसणार! मला राहवेना. फोन करून विचारा तरी, असं मीच टुमणं लावलं.

दुपारी काकांच्या घरी काकूंनी सोल्यांची (तुरीच्या ओल्या दाण्यांची) भाजी आणि भाकर वाढली होती. काकांनी जेवता जेवताच ऊसतोडीला गेलेल्या शांताला फोन लावला, स्पीकरवर. चावी तुमच्या घरी ठेवा, ती सहज म्हणाली. काका नाही म्हणाले. पलीकडे कोयत्यांचे आवाज चालूच होते.

"मंग कुलूपच काढून टाका, काका. घरात न्यायले हाये काय? आमी वापस येनार हे गावाले दिसावं म्हनून तं लावलं."

काकांनी ताट बाजूला सरकवलं. मला भयंकर लाज वाटली. सकाळपासून मी त्या माणसाला खांबांचं वय विचारत होते.

घरी येऊन आठवडा झाला. लिहायला बसते, उठते, पुन्हा बसते. परवा काकूंना फोन केला. चावडी पाडली म्हणाल्या. अकराही चाव्या काकांच्या करदोट्याला आहेत. अकोल्याला लेकीकडे जायचं ठरलं होतं, तेही त्यांनी रद्द केलं. आता सकाळपासून दिवस मावळेपर्यंत ते चावडीच्याच जागी, उघड्यावर, साऱ्या गावाला दिसतील असे बसलेले असतात.