रेस्ट हाऊसच्या खोलीत बिछायतवाले काय बोलले

मागच्या उन्हाळ्यात आमगावला पक्षाचा मेळावा झाला. आता मला कोणी भाषण करायला सांगत नाही. जुना माणूस म्हणून पहिल्या रांगेत बसवतात आणि मध्ये एकदा नाव घेतात. एका तरुण वक्त्याने पक्षातल्या गटबाजीचा इतिहास काढला. बोलता बोलता म्हणाला, भाऊंचा घात कोणी केला ते साऱ्या तालुक्याला ठाऊक आहे, रोज त्यांच्या शेजारी बसून चहा पिणाऱ्याने केला. लोक हसले. ज्याच्याबद्दल तो बोलत होता, त्याचा मुलगा मंडपाच्या खांबाशी उभा होता. मंडप त्याचाच होता. मुलाने मान खाली घातली आणि सुटलेली दोरी पुन्हा बांधायला घेतली. मी पहिल्या रांगेत गप्प बसून राहिलो. म्हणून आता लिहितो आहे.

भाऊ आमचे तालुकाध्यक्ष. किती वर्षे होते ते कोणालाच नीट आठवत नसे, इतकी वर्षे. मी त्यांचा सरचिटणीस. तिसरे बिछायतवाले. मंडप, खुर्च्या, सतरंज्या, मोठी भांडी भाड्याने देणाऱ्याला आमच्याकडे बिछायतवाला म्हणतात. पक्षाची सभा असो की चौदा एप्रिलची मिरवणूक, सामान त्यांचेच. बौद्ध समाजातले ते पहिले कार्यकर्ते, ज्यांना भाऊंनी घरी जेवायला बसवले आणि ज्यांच्या घरी भाऊ न बोलावता जेवायला गेले. आम्ही तिघे रोज सकाळी स्टेशनसमोरच्या टपरीवर असायचो. भाऊ बोलायचे, मी हो म्हणायचो, बिछायतवाले ऐकायचे.

विरोधी पक्ष त्या काळी आमच्या तालुक्यात नावालाच होता, त्यामुळे आम्ही आपापसात भांडायचो. दिवाळीनंतर गावोगावी मंडई म्हणजे जत्रा भरते, रात्री दंडारीची लोकनाट्ये होतात. तिथे उद्घाटन कोणी करायचे यावरून आमच्या दोन गटांत अबोले व्हायचे. शेवटी पत्रिकेत उद्घाटक, सहउद्घाटक, विशेष उद्घाटक अशी सोय करावी लागे. एका गावी फीत कापायला चौघांच्या हातांत चार कात्र्या दिल्या, तरी पाचवा रुसला. भाऊ त्याच्या घरी जाऊन, त्याच्या बायकोच्या हातचा चहा पिऊन, त्याला हाताला धरून घेऊन आले. ही त्यांची पद्धत होती.

भंडाऱ्यातून आमचा जिल्हा वेगळा झाला आणि पदे नव्याने वाटायची वेळ आली. एका राईस मिलवाल्या शेठजींनी अध्यक्षपदासाठी जोर लावला. गोंदियात त्यांची ऊठबस होती. नेमका त्याच सुमारास भाऊंच्या छातीत दुखले. नागपूरला दाखवून आणले. डॉक्टरांनी दगदग बंद सांगितली. भाऊ घरी आले आणि दुसऱ्या दिवशी जीपमध्ये बसून एका गावचे भांडण सोडवायला गेले.

भाऊंच्या पत्नीने, वहिनींनी, मला मागच्या दारी गाठले. म्हणाल्या, "भाऊजी, त्याहिले त्या पदातून सोडवा. माह्यं ते आयकत नाहीत. तुमी काई बी करा."

मग मुंबईहून निरीक्षक आले. आमच्या पक्षात अध्यक्ष निवडायची रीत अशी. निरीक्षक रेस्ट हाऊसच्या एका खोलीत बसणार, कार्यकर्ते एकेक करून आत जाऊन आपले मत सांगणार. दार बंद. नंतर बाहेर एक ठराव, सर्वांनी हात वर करून, की सर्वाधिकार वरिष्ठांना. आत कोण काय बोलला ते कधी बाहेर सांगायचे नाही, असा नियम. पाळत कोणीच नसे. प्रत्येक जण बाहेर येऊन व्हरांड्यात बसलेल्या भाऊंच्या पाया पडायचा आणि सांगायचा, "तुमचंच नाव सांगतलं भाऊ." मी सरचिटणीस म्हणून आत निरीक्षकांच्या शेजारी होतो, माणसाची ओळख करून द्यायला. भाऊंच्या पाया पडणाऱ्यांतल्या अर्ध्यांनी आत शेठजींचे नाव घेतलेले मी कानांनी ऐकले.

बिछायतवाले आत आले. खुर्ची पुढे केली तरी बसले नाहीत. म्हणाले, "भाऊशिवाय हा तालुका एक दिवस चालत नाही साहेब. माणसं जोडून ठेवाले दुसरा कोणी नाही." एवढे बोलून नमस्कार करून गेले. बाहेर भाऊंनी त्यांच्याकडे पाहिले. ते काहीच बोलले नाहीत, खुर्च्या मोजून टेम्पोत भरायला लागले. त्यांच्या लेखी खोलीतले खोलीत राहायचे होते. नियम पाळणारा सगळ्या तालुक्यात तो एकटा माणूस.

शेवटी माझी पाळी. मी निरीक्षकांना सांगितले, की भाऊंना स्वतःलाच आता मोकळे व्हायचे आहे, फक्त ते तोंडाने म्हणणार नाहीत. हे खोटे होते. निरीक्षकांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. कोणाला दुखवायला नको, म्हणाले. थोड्याच दिवसांत शेठजींचे नाव आले. सत्काराला ते म्हणाले, "अपने को तो कुछ चाहिए ही नहीं था, कार्यकर्ताओं ने जबरदस्ती बिठा दिया." टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो.

भाऊंनी आपल्या मनाशी हिशेब केला. बाकी सगळ्यांनी बाहेर येऊन तुमचेच नाव सांगितले म्हटले, न म्हणणारे एकटे बिछायतवाले, म्हणजे घात त्यांचाच. मी तेव्हाच बोलायला हवे होते. पण भाऊ घरी राहू लागले होते, दुपारची झोप घेत होते, वहिनींच्या तोंडावर पुन्हा रंग आला होता. दोन दिवसांनी सांगू म्हटले. मग टपरीवरचे बिछायतवाल्यांचे येणे थांबले. भाऊंच्या मुलीच्या लग्नाला मंडप गोंदियाहून आणला गेला. तो टेम्पो बिछायतवाल्यांच्या दुकानासमोरून गेला. ते ओट्यावर बसले होते. मीही त्याच टेम्पोत, ड्रायव्हरजवळ होतो.

अशी वर्षे गेली. भाऊंच्या धाकट्या मुलाचे लग्न ठरले तेव्हा ते मला म्हणाले, गोंदियाला जाऊन मंडपाचे बघून ये. म्हणजे तो टेम्पो पुन्हा त्याच दुकानासमोरून जाणार. दुपारची वेळ, ओसरीत आम्ही दोघेच. मी सगळे सांगितले. बिछायतवाले काय बोलले, मी काय बोललो. वहिनींचे नाव मात्र घेतले नाही.

भाऊ बराच वेळ सुपारी कातरत राहिले. मग विचारले, "काऊन गा? माह्या जागी तुले बसाचं होतं?"

आत वहिनी चहा घेऊन दारात आल्या होत्या. त्यांनी ट्रे खाली ठेवला. "त्याहिले कायले बोलता? म्याच सांगतलं होतं भाऊजीले. तुमाले जित्तं पाहाचं होतं मले."

भाऊंनी त्यांच्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. चहा घेतला नाही. उठून चपला घातल्या आणि मला म्हणाले, स्कूटर काढ.

दुकानात बिछायतवाले एका फाटक्या कनातीला ठिगळ लावत होते. भाऊ आत गेले ते एकदम ओरडलेच. "तोंड उघडाले काय झालं होतं तुले? एक शब्द बोलला असता तं!"

बिछायतवाल्यांनी सुई बाजूला ठेवली. "तुमी कदी इचारलं?"

"इचाराले कायले पायजे?"

"तं मंग मी तरी कायले सांगू?"

दोघेही उभे. मग भाऊ तिथल्याच गादीच्या गठ्ठ्यावर बसले आणि रडायला लागले. बिछायतवाल्यांनी पोराला पाणी आणायला पाठवले. माझ्याकडे दोघांनीही पाहिले नाही. थोड्या वेळाने भाऊंनी लग्नाची तारीख सांगितली. बिछायतवाल्यांनी डायरी न बघताच सांगितले, त्या दिवशी सालेकशाचे काम घेतले आहे, जबान दिली आहे. भाऊ म्हणाले, त्याला सांग अध्यक्षांच्या घरचे लग्न आहे. बिछायतवाले म्हणाले, अध्यक्ष तुमी कुठे आहा आता? भाऊंना रडता रडता हसू आले.

मंडप याही वेळी गोंदियाचाच आला. बिछायतवाले सालेकशाचे काम मुलावर सोपवून पाहुणे म्हणून आले, वहिनींनी त्यांना पहिल्या पंगतीत बसवले. जेवताना त्यांचे डोळे सारखे वर छताकडे जात होते. दोरी ढिली आहे, एवढे एकदा म्हणाले. त्यानंतर भाऊ गेले तेव्हापर्यंत टपरीवर आम्ही पुन्हा तिघे होतो. भाऊ मला कधी टाकून बोलले नाहीत. तेच मला जास्त लागत राहिले. गावाला मात्र खरे काय ते कळलेच नाही. ते दोघे बोलू लागले म्हणजे भाऊंनी मोठ्या मनाने गद्दाराला माफ केले, असा लोकांनी अर्थ लावला.

मेळाव्यानंतर मी मुर्रीला गेलो. बिछायतवाले आता तिथे मुलीकडे असतात. ऐकू कमी येते. मी मोठ्याने सांगितले, की मी हे सगळे लिहून छापायला देणार आहे. त्यांनी ऐकून घेतले. माझ्या हातावर हात ठेवून म्हणाले, "तुमचं तुमी लिवा. वहिनीचं बी लिवा, आता त्या राह्यल्या नाहीत. पण म्या आत काय बोललो ते लिवू नोका. खोलीतलं होय ते."

मी हो म्हणालो, आणि घरी येऊन पहिल्यांदा तेच लिहिले. हे त्यांच्यापर्यंत पोचेल. ते रागावतील. या खेपेला तरी त्यांनी फोन करून मला दोन शिव्या द्याव्यात, गप्प बसू नये.