निरगुडीची डहाळी
काल गुडघा शेकायला शेजारणीने निरगुडीच्या डहाळ्या आणून दिल्या आणि त्या कडवट वासाने मी पुन्हा पोलादपूरच्या शाळेत जाऊन बसले. वर्गातली एक मैत्रीण कापडे गावाच्या वरच्या वाडीतून चालत यायची. तिचे वडील मुंबईला कामाला होते. "रविवारी घरी या गो, वाटेवर खुणा करून ठेवते," म्हणाली आणि दुसऱ्या दिवसापासून शाळेत दिसलीच नाही. रविवारी आम्ही तिघी निघालो. भाताला लोंब्या आल्या होत्या, धुक्यात डोंगर नुसता तरंगत होता. पहिल्या फाट्यावर दगडाखाली निरगुडीची डहाळी सापडली, डहाळीला मैत्रिणीच्या वेणीतल्या लाल रिबिनीची चिंधी बांधलेली. हरखून तिकडे वळलो, तर वाट ओढ्यातच बुडाली. आमच्यातल्या एकीचं आजोळ शिवथरचं. ती पाण्यात पाय सोडून म्हणाली, "अगो, मामाकडे डहाळी टाकली ती वाट बंद समजतात. मोकळी हाय ती धरायची." मग फाट्याफाट्यावरच्या कोमेजल्या डहाळ्या टाळत, झोपेत चालल्यासारख्या आम्ही वर गेलो. आंब्याआड मैत्रिणीचं कौलारू घर दिसलं. त्या घराच्या वाटेवरही लाल चिंधीची डहाळी आडवी पडली होती, पण ही हिरवीगार, त्याच सकाळी तोडलेली. मोकळी वाट पलीकडे उतरत होती, मुंबईची एसटी थांबते त्या रस्त्याकडे; सकाळची गाडी केव्हाच गेली होती. काल शेकून उरलेल्या डहाळ्या दाराबाहेर टाकायला गेले, आणि उंबऱ्याशी वाकल्यावर हात तसाच मागे घेतला.