रजियाबीची बैठक

मुरुममध्ये कुणाच्या घरी पोरगी बघायला पाहुणे येणार असले, की घरातली बाई आधी दुधाची सोय बघायची आणि लगेच रजियाबीला निरोप धाडायची. रजियाबी यायची, उंबऱ्यात उभी राहायची, पुढच्या खोलीवरून एकदा नजर फिरवायची आणि म्हणायची, "आधी ही कॅलेंडरं उतरवा." किराणा दुकानाची, खताच्या दुकानाची, पाच-पाच वर्षांची कॅलेंडरं एकाच खिळ्याला लटकलेली असत. ती उतरली की भिंत मोकळा श्वास घ्यायची आणि खोली हातभर मोठी दिसायची. घरधनी चकित व्हायचा, कारण यात त्याचा एक रुपयाही गेलेला नसायचा.

तिच्या मागोमाग खाजाभाई यायचे. खाजाभाई नदाफ म्हणजे रजियाबीचा नवरा, जातिवंत पिंजारी. लोकांच्या गोळे झालेल्या, लेकरांनी भिजवलेल्या गाद्या ते उसवायचे, कापूस उन्हात टाकायचे, पिंजून पुन्हा फुलवायचे. एका जुन्या गादीतून एक पातळ गादी आणि दोन तक्के काढणं हा त्यांच्या हातचा मळ होता. खोळी रजियाबी शिवायची, त्याही त्याच घरातल्या जुन्या लुगड्यांच्या. लुगडं विरलं तरी काठ शाबूत असतो. तो ती खोळीच्या कडेला असा लावायची की नवं कापड फिकं पडावं. खोलीत उजेड कमी असेल तर फिकी खोळ, घरात बारकी पोरं असतील तर गडद. ज्या भिंतीला ओल, तिथंच तक्क्यांची रांग, म्हणजे ओल झाकली जाते. आरसा दाराच्या समोर, म्हणजे बाहेरचं ऊन आत येतं. धान्याच्या जड पेटीवर गादी टाकली की दोन माणसांची बसायची सोय. शेजारच्या धुरपदाबाई गल्लीभर सांगत फिरायच्या, "सोफ्याच्या नादी लागू नगा गं. रजियाबीला बोलवा, ती दोन लुगड्यांत बैठक मांडून देती."

गंमत म्हणा की दुर्दैव म्हणा, गावभर बैठका मांडणाऱ्या या बाईला स्वतःची बैठक नव्हती. घर म्हणजे एकच खोली. तिच्यात कापूस, पिंजायचं मशीन, चूल, शिलाई आणि मुलगा समद. आलेला पाहुणा बाहेर खाटेवर बसायचा, आणि पावसाळ्यात तर उभ्या-उभ्याच चहा पिऊन निघून जायचा. रजियाबी एरवी तक्रार करणारी नव्हती. पण असा पाहुणा गेला की म्हणायची, "लोकाच्या घरी मानसं टेकून बसत्यात. आपल्या घरात टेकायला भित सुदिक मोकळी न्हाय."

समद सोलापुरात वायरमन झाला, हातात चार पैसे खेळू लागले, आणि त्यानं घरापुढं दहा बाय बाराची खोली बांधायला काढली. भिंती चढत होत्या तेव्हापासून रजियाबीची बैठक तयार होती, फक्त ती तिच्या डोक्यात होती. पूर्वेच्या भिंतीला गादी, तिच्यावर तीन तक्के, आणि खिडकीपाशी चौथा, तो एकटीचा. "तितं म्या बसणार," ती खाजाभाईंना सांगायची. "दुपारच्याला जरा टेकणार आन् रस्ता बघणार. तुमी बी या, पण पाव्हन्यावानी या." तिनं लोकांच्या उरलेल्या काठांचं एक गाठोडं वर्षानुवर्षं जपून ठेवलं होतं. ते रोज सोडायची, काठ काठाला लावून बघायची आणि पुन्हा बांधायची.

स्लॅब टाकला त्याच महिन्यात रजियाबीला खोकला सुरू झाला. सिमेंटची धूळ असेल म्हणून सगळ्यांनी तो अंगावर काढू दिला. खोली बांधून झाली, धूळ बसली, खोकला काही बसला नाही. चार पावलं चालली की ती भिंत धरायची. शेवटी समदनं सोलापूरला नेलं. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडावर धरला आणि विचारलं, घरात काय काम चालतं? खाजाभाईंनी सांगितलं. डॉक्टर म्हणाले, चाळीस वर्षं कापसाची धूळ छातीत गेली आहे. फुप्फुसं आता परत तशी होणार नाहीत, आहेत तेवढी सांभाळायची. घरात कापूस नको. गादी नको, उशी नको, सतरंजी नको, जाड पडदा नको.

परतीच्या एसटीत खाजाभाई खिडकीबाहेर बघत बसले. त्यांनी पिंजलं होतं आणि तिनं ते श्वासातून आत घेतलं होतं. वाईट याचं वाटत होतं की तीच धूळ त्यांच्याही नाकातोंडात गेली होती आणि त्यांना साधी शिंकही येत नव्हती. माणसानं रागवायचं तरी कुणावर? आठ दिवसांत त्यांनी मशीन भंगारात काढलं, घरातला कापूस वाटून टाकला आणि काठांचं ते गाठोडं धुरपदाबाईंकडं नेऊन ठेवलं. रजियाबीनं ते जाताना बघितलं आणि तोंड फिरवलं.

मग या म्हाताऱ्यानं एक काम हाती घेतलं. कापसाचा कण न वापरता बैठक सजवायची! आयुष्यभर ज्यानं मऊपणाचाच धंदा केला, तो आता गुळगुळीत, पुसता येईल अशा वस्तू हुडकत गावभर हिंडू लागला. चुन्यात हिरव्या रंगाची पुडी कालवून त्यांनी भिंती स्वतः रंगवल्या. खाली कमरेपर्यंत ऑइलपेंटचा पट्टा ओढला, ओल्या फडक्यानं पुसला की स्वच्छ. फरशीच्या दुकानातून फुटके तुकडे मागून आणले आणि खिडकीच्या कट्ट्यावर नक्षीनं बसवले. मोडक्या कपाटाचा आरसा दारासमोर लावला. बाटल्यांत पाणी भरून मनीप्लांट सोडला. कासाराकडं जोड फुटून एकेकट्या राहिलेल्या प्लॅस्टिकच्या बांगड्या पडून होत्या. त्या नायलॉनच्या दोरीत ओवून दाराला पडदा केला. बसायला चार प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि नायलॉनच्या पट्ट्यांची खाट. गल्लीतली माणसं बघायला आली आणि म्हणाली, खाजाभाई, तुम्ही तर रजियाबीच्या वरताण निघालात.

रजियाबीनं सगळं हिंडून पाहिलं. बांगड्यांच्या पडद्यातून हात फिरवला, फरशीच्या तुकड्यांवर बोट फिरवलं. "लई बेस झालंय," ती म्हणाली, आणि ते तिच्या मनातलंच होतं. मग ती खिडकीपाशी खुर्चीत बसली. बसल्याबरोबर तिचा हात पाठीमागं गेला, तिथं काहीतरी चाचपडला आणि मांडीवर परत आला. खाजाभाईंनी ते बघितलं. त्यांची सगळी मेहनत त्या एका हाताच्या हालचालीनं पाण्यात गेली.

दिवाळी उलटल्यावर तिनं पहिल्यांदा मागितला. "अजी, एक तक्क्या द्या न्हवं. बारका. खिडकीपाशी."

"डॉक्टरानं काय सांगितलंय?"

"डॉक्टरानं सांगितलं ते खरं हाय. पण पाठीला काय तरी मऊ लागाय पायजे वो."

समदनं सोलापूरहून रेक्झिनची फोमची उशी आणली. दोन दिवस टेकून तिनं ती बाजूला ठेवली. "बसच्या सीटवानी लागतंय," ती हसून म्हणाली, "आता तिकीट मागतील आसं वाटतंय." पुढच्या आठवड्यात तिनं पुन्हा मागितला. खाजाभाई नुसते नाही म्हणाले. तिसऱ्यांदा तिनं मागितला तेव्हा तिचा दम इतका वर गेला होता की शब्द तुटत होते, आणि खाजाभाई घाबरले होते. घाबरलेला माणूस ओरडतो, तसे ते ओरडले. "मरायचं हाय का तुला?"

त्यानंतर तिनं तक्क्या मागितला नाही. बाराव्या दिवशी सकाळी, समद तिला दवाखान्यात न्यायला गाडी आणायला गेला असताना, त्या नायलॉनच्या खाटेवरच ती गेली.

तिसऱ्या दिवशी जियारत होती, म्हणजे गेलेल्या माणसासाठी घरी कुराण वाचायचं होतं. डिसेंबरची थंडी, फरशी बर्फासारखी गार, आणि आत बसायला यायच्या होत्या गल्लीतल्या म्हाताऱ्या बायका. घरात सतरंजीचा तुकडासुद्धा नव्हता. समद मंडपवाल्याकडं निघाला तेवढ्यात धुरपदाबाई काखेत दोन तक्के घेऊन आल्या. त्यांच्या मागून त्यांची सून गादी घेऊन आली. मग एकेका घरातून गाद्या आणि तक्के येत गेले. खाजाभाई दारात उभे राहून बघत होते. जांभळ्या काठाचा तक्क्या सिद्धारामच्या घरचा, त्याच्या बहिणीच्या लग्नातला. ती निळी खोळ इरम्माच्या घरची. ते काठ जोडताना रजियाबीला दोन दिवस लागले होते. प्रत्येक टाका तिचा होता आणि प्रत्येक बोंडाचा कापूस त्यांनी पिंजलेला होता.

बायकांनी गाद्या पूर्वेच्या भिंतीला टाकल्या, दुसरीकडं जागाच नव्हती. तक्के रांगेनं उभे केले. एक उरला तो कुणीतरी खिडकीपाशी ठेवला. आरशातून ऊन आत आलं, काठ चमकले. रजियाबीनं जशी सांगितली होती तश्शी बैठक लागली होती. म्हाताऱ्या येऊन टेकल्या, आत कुराण वाचणं सुरू झालं. खाजाभाई अंगणात जाऊन पुरुषांत बसले आणि कुणी काही बोललं तरी त्यांना ऐकू येईना.

दुपारी माणसं पांगली. ज्याचं त्यानं उचलून नेलं. शेवटी धुरपदाबाई राहिल्या. एक तक्क्या त्यांनी काखेत मारला आणि दुसरा, खिडकीपाशी होता तो, खाजाभाईंपुढं धरला.

"ह्यो ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं. तिच्या हातचा हाय. मला एक बास झाला."

खाजाभाईंनी तो दोन्ही हातांनी घेतला. खोळीवरून अंगठा फिरवला. मग तो त्यांनी धुरपदाबाईंना परत दिला.

"मागत व्हती तवा दिला न्हाय म्या, बाई. आता कुणाला टेकायला दिऊ?"

"तुमी तिच्या जिवासाठीच न्हाय म्हनलात न्हवं?"

"जीव तरी कुठं ऱ्हायला? मऊ लागलं आसतं की तिला बारा दिस."

धुरपदाबाई दोन्ही तक्के काखेत मारून गेल्या. समद खुर्च्या परत आत आणून लावू लागला, तर बाप खिडकीखाली फरशीवर बसलेला. पाठ गार भिंतीला लावून, तीन दिवसांत पहिल्यांदाच, खाजाभाई मोठ्यानं रडत होते.