जिरनीचा तरवा

राप्ती नदीच्या अलीकडे, जंगलाला खेटून असलेल्या वाडीत जिरनी महतोचे शेत सर्वांत शेवटचे. त्यापुढे गवत, आणि गवतात गेंडे. लग्न होऊन आली तेव्हापासून या शेजाऱ्यांशी तिने एक समजूत राखली होती: त्यांनी मोहरीचा एखादा वाफा खावा, तिने डबा वाजवावा, त्यांनी सावकाश निघून जावे. नवरा मलेशियात रबरी हातमोज्यांच्या कारखान्यात गेल्यावर डबा तिच्या एकटीच्या हाती आला. तोही तिने कुरकुर न करता वाजवला. पण त्या वर्षी माघात एका नराने शेताच्या खालच्या कोपऱ्यात लीद टाकली आणि ती समजूत मोडली.

एकदा धरलेली परसाकडची जागा गेंडा सहसा सोडत नाही. त्या वाटेने जाणारा दुसराही तिथेच थांबतो. चैत सरेस्तोवर ढीग गुडघ्याच्या वर चढला. ओढ्याकाठचा नेमका तोच कोपरा जेठाच्या उन्हातही ओल धरून राहायचा. भाताचे बी पेरून तरवा करायला तिच्या शेतात दुसरी जागा नव्हती. तरवा तुडवला गेला तर लावणी नाही, आणि लावणी नाही तर वर्षाचा भात नाही.

वाडीच्या वन समितीच्या अध्यक्षांकडे ती जाऊन आली.

“गेंड्याला हात लावता येत नाही, जिरनी. कायदा आहे.”

“हात कोण लावतंय? मी लिदीचं विचारते आहे.”

“लीद गेंड्याचीच ना?” असे म्हणून ते चहा पिऊ लागले.

शेजारच्या सुखवारी काकीने हा संवाद सगळ्या वाडीत पोचवला आणि वर स्वतःची भर घातली: “सरकार माझा संडास बांधता बांधता थकलं बघ. तुझ्या शेतात गेंड्यानं आपला आपण बांधला. तोही सार्वजनिक!”

या सगळ्यात भर म्हणून अस्मिना होती. काठमांडूची ही मुलगी जिरनीच्याच घरी खोली घेऊन गेंड्यांचा अभ्यास करीत होती. गेंडा भेल्लरच्या झाडाची फळे गिळतो, ते बी लिदीतून उगवते आणि जंगल पुढे सरकते, हे तिला सिद्ध करायचे होते. कोपऱ्यातला ढीग पाहून तिला हर्ष झाला. तिने चहूबाजूंनी खुंट्या ठोकल्या, दोरी बांधली आणि म्हणाली, “दिदी, कोंब येईपर्यंत याला हलवू नका हं.”

“आणि माझ्या भाताचे कोंब कुठं येऊ देत?”

अस्मिनाने तो प्रश्न थट्टेवारी नेला. तिच्या टेबलावर चुरे डोंगरात सापडलेला गेंड्याचा एक दगड झालेला दात होता. तो जिरनीच्या तळहातावर ठेवून ती म्हणाली, “बघा, लाखो वर्षांपासून हे इथं आहेत. आपण कालचे.”

दात अपेक्षेपेक्षा जड निघाला. “लाखो वर्षं फिरतोय,” जिरनी म्हणाली, “आणि त्याला परसाकडं जायला माझाच कोपरा सापडला?”

अस्मिना खळखळून हसली. जिरनी हसली नाही.

पण त्याच मुलीच्या बोलण्यातून तिला एक वाट दिसली. इथले काही गेंडे पूर्वी पश्चिमेकडच्या जंगलात नेऊन सोडले तेव्हा नवी जागा परकी वाटू नये म्हणून त्यांचीच लीद तिथे पसरली होती, असे अस्मिना जेवताना सांगत होती. म्हणजे लीद नेली की गेंडाही तिच्यामागे जातो. अस्मिना जवळच्या भरतपूर शहरात गेल्याचे पाहून जिरनीने ढाकी, म्हणजे मोठी पाटी, काढली; धान्याची नव्हे, गोठ्यातली. पाटीमागून पाटी डोक्यावर घेऊन तिने तो ढीग नदीकडच्या काटेसावरीखाली नेऊन रचला. मान अवघडली, अंगाला वास चिकटला. खुंट्यांवर तिचा राग नव्हता. त्या तिने भिंतीशी नीट रचून ठेवल्या.

परत आलेल्या अस्मिनाचा चेहरा उतरला. “दिदी, विचारायचं तरी! माझं वर्षाचं काम होतं ते.”

“खुंट्या ठोकताना तू विचारलंस?”

मग अस्मिना हळूच म्हणाली, “आणि नुसती लीद हलवून भागत नाही. वास मातीत मुरतो.”

जिरनीला ते रागाचे बोलणे वाटले. कारण नर तर खरोखरच सावरीखाली जाऊ लागला होता. ताजी लीद तिने डोळ्यांनी पाहिली होती. त्या आनंदात तिने ओढ्यातल्या घोंघ्या, म्हणजे गोगलगायी, शिजवल्या आणि काकीलाही वाटीभर नेऊन दिल्या. कोपरा चिखलवला, बी फेकले. तरवा वीतभर वाढला, पोपटी, दाट, वाऱ्यावर लवणारा. नवऱ्याला फोनवर दाखवला, तेव्हा तोही म्हणाला, “हे तू एकटीनं केलंस?”

असारात, म्हणजे आषाढात, लावणीच्या आदल्या सकाळी, एक मादी पिल्लाला घेऊन आली. सावरीची जागा तिच्या वाटेवर नव्हती. ती थेट कोपऱ्यात शिरली, मातीला नाक लावून उभी राहिली, आणि पूर्वी टाकायची तिथेच तिने लीद टाकली. मग पिल्लू त्या मऊ चिखलात मनसोक्त लोळले. जिरनी डबा वाजवीत राहिली. मादीने कान तेवढे हलवले. ती दोघं निघून गेली तेव्हा तरव्याच्या जागी काळा लगदा होता.

ती अजून बांधावरच उभी होती, तोच नदीकडून अस्मिना धावत आली. “दिदी, सावरीखाली भेल्लर उगवलंय! केवढे कोंब! आता दोन जागांची तुलना–” तिची नजर कोपऱ्याकडे गेली आणि वाक्य तिथेच राहिले.

“पुढं बोल की.”

“दिदी...”

“तुझं तरी उगवलं. चल, खुंट्या कुठं ठोकायच्या ते दाखव.”

सावरीखाली जिरनीने दोरीचे एक टोक धरले. अस्मिनाने तोंडातल्या तोंडात माफी मागितली; दोरी सैल पडली.

“घट्ट ओढ गं, बहिणी. आणि आटप लवकर. मला काकीकडं उरलंसुरलं रोप मागायला जायचंय. देईल ती, पण आधी पोटभर ऐकवेल.”