ताईच्या गाठीचा तुकडा

आज सकाळी भाऊजी गेले. मला रडू आलं नाही.

फॅमिली ग्रुपवर सगळे 'देवमाणूस' लिहून राहिलेत. लिहा. मग माझंही वाचा.

१९७८. भर मे महिना. माझ्या ताईच्या छातीत गाठ.

आर्वीच्या डॉक्टरांनी गाठीचा तुकडा काढला, सडू नये म्हणून फॉर्मलिनच्या बाटलीत घातला आणि ताईच्या नवऱ्याच्या, म्हणजे भाऊजींच्या हातात दिला. वर्ध्याच्या लॅबमध्ये मायक्रोस्कोपखाली बघून सांगणार होते, साधी गाठ की कॅन्सर.

भाऊजी एसटीनं बाटली देऊन आले. आठवड्यानं रिपोर्ट आणायलाही तेच गेले.

"साधी गाठ हाय. कागद तिथंच ठेवून घेतला."

आईनं गल्लीभर साखर वाटली.

ताई मला म्हणाली, "तपासलं नं त्यायनं, मंगे? मंग कायले रडून राह्यली?"

दिवाळीपर्यंत गाठ काखेत पसरली. संक्रांतीला ताई नव्हती. एकतीस वर्षांची होती हो!

पुढे मी त्याच लॅबमध्ये टेक्निशियन लागले. ८५ साली जुनी रजिस्टरं आवरताना ताईचं नाव दिसलं. पुढे नोंद होती:

तुकडा साध्या पाण्यात आणलेला. सडलेला. निदान अशक्य. नवीन तुकडा ताबडतोब पाठवावा, असं पतीला सांगितलं.

खाली भाऊजींची सही.

स्लाइडही सापडली. मायक्रोस्कोपला लावली. नुसता गुलाबी चिखल, एक पेशी धड नाही.

त्याच दिवशी आर्वीची एसटी पकडली. दारातच विचारलं, "काऊन केलं असं?"

"वासानं लोकायचे डोळे झोंबून राह्यले होते. कंडक्टर उतरवतो म्हणे. मंग म्या ते सांडलं अन् स्टँडवरच्या नळाचं पाणी भरलं."

"ते जाऊ द्या. चूक कोणाच्याही हातून होते. घरी खोटं काऊन सांगितलं?"

खाली मान घालून म्हणाले, "तुह्या बाबायनं काय म्हटलं असतं मले?"

चार शिव्या घातल्या असत्या बाबांनी! दुसरं काय?

त्या दिवसापासून मी त्यांच्या घरचं पाणी प्यायले नाही. नातेवाईक मला आखडू म्हणतात. म्हणा. देवमाणूस म्हणे!

ताई, तू वाचली असतीस की नाही, मला नाही सांगता येत. जन्मभर स्लाइडी केल्या, जे दिसलं नाही ते मी बोलत नाही.

पण लॅबनं दुसरा तुकडा मागितला होता गं. तुला कोणी सांगितलंच नाही.

आजचीही श्रद्धांजली तुलाच.