सतरंजीमास्तर

आमच्या वडवणीकडच्या शाळेत खुर्ची एकच होती, आणि दर गुरुवारी मास्तर ती दुसऱ्याला देऊन स्वतः आमच्यात खाली बसत. म्हणून पोरांनी त्यांचं नाव सतरंजीमास्तर करून टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी जुम्म्याची सुट्टी, त्यामुळे गुरुवारी दुपारी आमचं चित्त तसंही थाऱ्यावर नसे. तेव्हा मास्तर आमच्याच मुलखातला एखादा कलावंत बोलावून आणत. कधी घोंगडीत नक्षी भरणारा धनगर, कधी देवळाचे खांब घडवणारा पाथरवट. "खुर्चीवर बसंल त्यो आजचा मास्तर," असं सांगून आम्हाला हात जोडायला लावत.

राज्य निजामाचं, शाळा उर्दू. पुस्तकात हैदराबादच्या इमारती होत्या, आमच्या पाथरवटाला जागा नव्हती. गुरुवारचे धडे मास्तरांच्या पदरचे, आणि परवानगीवाचून गाणंबजावणं तर फारच महागात पडायचं. नोकरी गेली तर चूल कशावर पेटवू, असं त्यांच्या बायकोने आम्हा पोरांदेखत विचारलं होतं. तरी मास्तरांनी एकही गुरुवार सोडला नाही. माणूस मोठा हट्टी.

त्या गुरुवारी रामा गोंधळी आला होता. गळा असा की पंचक्रोशीतून बोलावणी यायची, पण लोक त्याला बसवायचे ओसरीखालीच. खुर्चीवर बिचारा अंग चोरून बसला. गाणं रंगात आलं आणि दारात शिपाई दिसला, त्याच्यामागे शाळा तपासणारे साहेब. वर्दी न देताच आले होते. संबळ थांबला. शिपायाने डोळे वटारून खुर्चीकडे बोट केलं. रामा धडपडत उठू लागला, तसा मास्तरांनी त्याचा खांदा दाबला.

"बसा बुवा. सबक संपला न्हाई अजून."

रामाने चिरक्या आवाजात गाणं पुरं केलं. साहेब तोवर दारातच उभे होते. मग ते आल्या पावली निघून गेले. आम्हाला वाटलं, सुटलो. पुढच्याच आठवड्यात मास्तरांना कमी केल्याचा हुकूम आला.

मास्तर बिऱ्हाड घेऊन निघाले, तेव्हा रामा गाडीला आडवा झाला. "माज्यापाई लेकरांचं अन्न गेलं तुमच्या. उठलो असतो तर काय बिघडलं असतं?"

"तुमी उठला असता," मास्तर म्हणाले, "तर ह्या पोरांनी जन्मभर तुमाला खालीच बसवलं असतं."

गाडी हलली आणि आम्ही सगळेच रडलो. पुढे लग्नाकार्यात रामा आला की आमच्यातलं कुणी ना कुणी उठून त्याला वर बैठकीत बोलवायचं. त्यापायी घरच्या थोरांची बोलणी खावी लागायची. ती आम्ही खाल्ली.